खिडकी आधी, मोटर शेवटी

मोटरचे पडदे घ्यायला बाहेर पडण्याआधी एक काम करा. एखाद्या रविवारी सकाळी आठला, दुपारी साडेतीनला आणि रात्री दिवे लावल्यावर, अशा तीन वेळा घरातल्या प्रत्येक खिडकीसमोर पाच-पाच मिनिटं उभे राहा. ऊन आत कितव्या फरशीपर्यंत येतं, समोरच्या इमारतीची गॅलरी किती जवळ आहे, खिडकी उघडी टाकली की वारा कुठल्या बाजूने घुसतो, खिडकीखाली दिवाण आहे की टेबल, हे सगळं वहीत लिहून ठेवा. शिवाय प्रत्येक खिडकीचा फोटो काढा, म्हणजे ग्रिल, मच्छरजाळी, एसीचा पाइप, पेलमेट असं सगळं नंतर डोळ्यांसमोर राहील.

मी हे काही न करता पडदे घेतले होते. पुण्यातलं आमचं घर सातव्या मजल्यावर, हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला. दुकानात कापडाचा नमुना उजेडात धरून पाहिला, सुंदर दिसला, मोटरसकट मागवून टाकला. दिवसा खरोखरच छान वाटायचं. ऊन गाळून यायचं आणि बाहेरची टेकडीही दिसायची. महिन्याभराने समोरच्या इमारतीत एका स्नेह्यांकडे रात्री जेवायला गेलो आणि त्यांच्या गॅलरीतून आमचा हॉल पाहिला. पडदा पूर्ण खाली होता आणि तरी टीव्हीवर काय चाललंय, आई कुठल्या खुर्चीवर बसली आहे, सगळं दिसत होतं. मोटर उत्तम होती, आजही चालते. चुकलं होतं ते कापड, आणि कापड चुकलं कारण खिडकी रात्री पाहिलीच नव्हती.

तेव्हापासून नात्यातल्या, ओळखीच्या दहा-बारा घरांत असे पडदे लावताना मी बरोबर राहिलो आहे, आणि सगळ्यांना एकच क्रम सांगतो: खिडकी, कापड, टांगण्याची जागा, वायर, मोटर आणि सर्वांत शेवटी ॲप. जाहिराती नेमक्या उलट्या टोकापासून सुरू होतात. हे गुंडाळायचे पडदे, म्हणजे रोलर ब्लाइंड्स, वाढले ते थंड देशांतल्या घरांत आणि एसी कार्यालयांत, जिथे काच बहुतेक वेळ बंद असते. आपल्याकडे खिडकी ही उघडण्यासाठी असते. संध्याकाळचा वारा, समोरून येणारी हाक, वाळत घातलेले कपडे, तुळशीची कुंडी, हे सगळं तिच्यातून चालतं. त्या खिडकीच्या सवयी मोडतील असा पडदा कितीही हुशार असला तरी सहा महिन्यांत वर गुंडाळून ठेवला जातो.

ऊन कुठून येतं

महाराष्ट्राच्या उन्हाचा एक गुण लक्षात ठेवा, त्यातून पैसे वाचतात. मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे, नागपूर २१. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मुंबईत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीत दुपारचं थेट ऊन जवळजवळ येतच नाही. डिसेंबरात मात्र तोच सूर्य दुपारी ४७ अंशांच्या आसपासच उंच चढतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून खोलीत लांबवर येऊन बसतो. ते ऊन बहुतेकांना हवंच असतं. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीसाठी भारी, उष्णता अडवणारं कापड घेण्याची गरज क्वचितच असते.

खरा प्रश्न पश्चिमेचा. मावळतीचं ऊन तिरपं येतं, छज्जा त्याला अडवू शकत नाही, आणि भिंती दिवसभर तापून झाल्यावर ते येतं. पूर्वेची खिडकी त्याखालोखाल. उत्तरेच्या खिडकीला लोक पडदाच नको म्हणतात, पण जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या बराच उत्तरेला मावळतो, त्यामुळे संध्याकाळी तिथेही तिरकी तिरीप येते. खर्चाला मर्यादा असेल तर मोटरचे पडदे आधी पश्चिमेला लावा, मग पूर्वेला. स्वयंपाकघराच्या आणि न्हाणीघराच्या खिडक्यांना मोटर लावण्यात मला काही अर्थ दिसत नाही. फोडणीची वाफ आणि तेलकट थर कुठल्याही ब्लाइंडला महिन्याभरात चिकट करतो.

आता उष्णतेबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण विक्रेते इथे फार मोठी वचनं देतात. ऊन काचेतून आत आलं की निम्मी लढाई हरलेली असते. आतला पडदा ते शोषून तापतो आणि ती धग खोलीतच सोडतो. काच ती पुन्हा बाहेर जाऊ देत नाही. म्हणून आतल्या पडद्याची काचेकडची बाजू पांढरी किंवा चकचकीत हवी, म्हणजे उन्हातला बराच भाग तापण्याआधीच परत बाहेर फेकला जातो. गडद रंगाच्या पाठीचा पडदा डोळ्यांना गारवा देतो, खोलीला नाही. सर्वांत चांगला पडदा काचेच्या बाहेरचा. विदर्भात उन्हाळ्यात दारं-खिडक्यांना बाहेरून वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी मारायची जी रीत आहे, ती याच शहाणपणावर उभी आहे. गॅलरी असेल तर गॅलरीच्या कडेला बाहेरचा, तारेवर किंवा बाजूच्या पट्ट्यांत सरकणारा मोटरचा पडदा लावता येतो. मात्र तो इमारतीच्या दर्शनी भागात येतो, म्हणून सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. आणि वरच्या मजल्यांवर वाऱ्याचा सेन्सर असल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका. मॉन्सूनपूर्व वळवाची एक सर असा पडदा फाडून नेते.

कापड

उन्हासाठीच्या जाळीदार कापडावर एक टक्केवारी लिहिलेली असते: १, ३, ५ किंवा १० टक्के. कापडाच्या क्षेत्रफळापैकी किती भाग भोकांचा आहे, हे तो आकडा सांगतो. पश्चिमेला १ किंवा ३ टक्के, उत्तरेला ५ किंवा १०. बाहेरचं दृश्य गडद कापडातून जास्त स्पष्ट दिसतं, उष्णता फिकट कापड जास्त परतवतं. दोन्ही हवं असेल तर आतून गडद आणि बाहेरून पांढरं असं दुरंगी कापड मागा. आणि कुठलीही टक्केवारी घेतलीत तरी रात्री दिवा लागल्यावर बाहेरच्याला आतलं दिसतं. ज्या खिडकीसमोर वीस-तीस फुटांवर दुसरं घर आहे तिथे जाळीदार कापड एकटं पुरत नाही. मागे पूर्ण अंधार करणारा दुसरा रोलर, किंवा पुढे साधा कापडी पडदा हवा. आम्ही शेवटी दुसरा मार्ग धरला.

झेब्रा ब्लाइंड सध्या सगळ्यांना आवडतं: एक पट्टा पारदर्शक, एक जाड, दोन थर एकमेकांवर सरकवून उजेड कमी-जास्त करायचा. दिसायला ते देखणं आहे यात वाद नाही. पण त्याचे दोन थर वाऱ्यावर एकमेकांवर आपटतात, पट्टे नेमके जुळवायला मोटर बारीक पावलांनी हलणारी लागते, आणि हायवेजवळच्या घरात आडव्या पट्ट्यांच्या घड्यांत काळी धूळ बसते. काच बंद ठेवून एसी चालणाऱ्या खोलीत घ्या; वारा खेळणाऱ्या हॉलमध्ये मी घेणार नाही. मधाच्या पोळ्यासारखे कप्पे असलेलं कापड उष्णता अडवण्यात सरस, पण कप्प्यांत किडे आणि पालीची पिल्लं जाऊन बसतात, आणि ती काढणं जिकिरीचं. बांबू, ताग, सुती रोमन पडदे कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात बुरशी धरतात. तिथे विनाइलचा थर दिलेलं फायबरग्लास किंवा पॉलिएस्टर बरं, ओल्या फडक्याने पुसता येतं. समुद्रासमोर राहणाऱ्यांनी ब्रॅकेट आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच मागावेत. कापड गंजत नाही, टांगणी गंजते.

ज्या खिडक्या रोज संध्याकाळी उघड्या असतात, त्यांना माझं पहिलं मत मोटरच्या रुळावर सरकणाऱ्या कापडी पडद्याला असतं. तो बाजूला सरकला की खिडकी पूर्ण मोकळी होते, वाऱ्याने हलला तरी बिघडत नाही, आणि बहुतेक मोटरींत हाताने जरा ओढला की पुढचं अंतर मोटर स्वतः कापते. फक्त एक अडचण आधीच माहीत असू द्या. आपल्या घरांतले बरेच पडदे दांडीत ओवायच्या कड्यांचे, म्हणजे आयलेटचे असतात. ते मोटरच्या रुळावर चालत नाहीत. वरची पट्टी उसवून पुन्हा शिवावे लागतात. शिवाय बाजूला जमा झालेल्या पडद्याला भिंतीवर जागा लागते. ती नसेल तर अर्धी काच कायम झाकलेली राहील.

मापं घ्यायची ती अशी

आपल्या इमारतींतल्या खिडक्या गुण्यात असतील असं कधीही गृहीत धरू नका. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मिलिमीटरमध्ये मोजा, उंचीही तीन ठिकाणी, आणि दोन्ही कर्ण. कर्णांत फरक आला तर चौकट तिरकी आहे. चौकटीच्या आत बसवायचा असेल तर सर्वांत कमी रुंदी धरायची. बाहेर भिंतीवर बसवायचा असेल तर दोन्ही बाजूंना चार-चार इंच जास्त घ्या.

आत की बाहेर, हे ठरवताना ग्रॅनाइटच्या चौकटीची खोली बघा. सरकत्या खिडकीला आतून मच्छरजाळी असते, जाळीला कडी असते, आणि कित्येकदा ग्रिलही आतल्या बाजूला असतं. ते सगळं वजा करून रोलरला जागा उरते का? बहुतेक घरांत उरत नाही. आत उघडणारी झडप असेल तर चौकटीतला पडदा आणि झडप यांची टक्कर ठरलेली. तेव्हा भिंतीवर किंवा छताला लावलेलाच बरा.

झोपायच्या खोलीत पूर्ण अंधार हवा असेल तर हे मनात पक्कं करा: रोलरचं कापड त्याच्या दोन ब्रॅकेटमधल्या अंतरापेक्षा कमी रुंद असतं. मोटर आणि टोकाची बोंडी यांना जागा लागते, त्यामुळे दोन्ही कडांना सुमारे पाऊण इंचाच्या फटी राहतात. चौकटीच्या आत बसवलेल्या काळ्या कापडाच्या पडद्याच्या दोन्ही कडांना सकाळी सहाला उजेडाच्या दोन उभ्या रेघा पडतील. रात्रपाळी करणाऱ्याला त्या रेघा झोपू देत नाहीत. उपाय दोन: भिंतीवर, बाजूंना भरपूर झाकेल असा लावा, नाहीतर बाजूला पन्हळीसारख्या पट्ट्या बसवून घ्या.

खिडकी फार रुंद असेल तर एकच लांब रोलर करायचा मोह आवरा. पातळ पाइप मध्यभागी वाकतो आणि कापडाला तिरके झोल पडतात. आठ फुटांच्या पुढे जाड पाइप हवा, किंवा दोन-तीन तुकडे. तुकडे केले तरी प्रत्येकाला वेगळी मोटर लागत नाही. शेजारच्या पाइपांना जोडणारं लिंक ब्रॅकेट मिळतं आणि एकाच मोटरवर तिन्ही फिरतात. विक्रेता हे बहुधा आपणहून सांगत नाही. मागायचं.

वायर

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: घराचं प्लॅस्टर किंवा रंगकाम व्हायचं असेल तर आजच प्रत्येक खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात एक पॉइंट काढून घ्या. पडदे पाच वर्षांनी घेतले तरी चालेल. आमच्याकडे रंग होऊन तीन महिने झाल्यावर भिंतीला झिरी मारावी लागली, आणि ती रेघ आजही तिरप्या उजेडात दिसते. पॉइंट कुठल्या कोपऱ्यात, डाव्या की उजव्या, हे मोटर कुठल्या बाजूला येणार त्यावर ठरतं. ठरत नसेल तर दोन्हीकडे काढा, पाइप आणि तार फार महाग नसते. फॉल्स सीलिंग करत असाल तर खिडकीजवळ पडद्यासाठी खाच सोडायला सांगा. एका रोलरला पाच इंच, रोलर आणि कापडी पडदा दोन्ही असतील तर आठ-नऊ इंच. प्लॅस्टरच्या आधी सगळ्या भिंतींचे फोटो काढून ठेवा.

मोटरी तीन प्रकारच्या. थेट २३० व्होल्टवर चालणारी, कमी व्होल्टेजची डीसी, आणि बॅटरीची. २३० व्होल्टची दमदार आणि टिकाऊ असते, मोठ्या पडद्यांना हीच. तिच्याबाबत इलेक्ट्रिशियनला दोन गोष्टी ठामपणे सांगा. वर जाणारी आणि खाली येणारी कळ एकाच वेळी दाबली जाणार नाही असा खास स्विच हवा, दोन साधी बटणं लावून चालणार नाही. आणि चार तारांच्या दोन मोटरी एकाच स्विचला थेट समांतर जोडायच्या नाहीत. एकीतून उलट आलेला प्रवाह दुसरीला बिघडवतो. सतत चार-पाच मिनिटं वर-खाली केली तर ही मोटर तापून स्वतःच थांबते आणि थंड झाल्यावर चालू होते. मुलं रिमोटशी खेळतात तेव्हा हे हमखास होतं आणि घरचे मोटर जळाली म्हणून घाबरतात.

बॅटरीची मोटर भाड्याच्या घरात, किंवा जिथे भिंत फोडायचीच नाही तिथे सोयीची. ती आवाजही कमी करते. पण बॅटरी काचेला लागून असते, आणि पश्चिमेच्या खिडकीत काच आणि कापड यांच्या मधली हवा दुपारी फार तापते. लिथियम बॅटरीचं आयुष्य उष्णतेने घटतं. अशा खिडकीला बॅटरी पाइपच्या आत नसून वेगळ्या नळीत, बाजूला सावलीत लावता येणारी घ्या. चार्जिंगसाठी वर्षातून एक-दोन वेळा शिडीवर चढावं लागेल, हेही घरात कोण करणार ते आधी ठरवा. सोबत मिळणारी सौरपट्टी काचेला चिकटवायची असते. छज्जा खोल असेल किंवा काच रंगीत असेल तर तिचा उपयोग फारसा होत नाही.

वीज गेल्यावर काय? हा प्रश्न दुकानात जरूर विचारा. पाइपमधली मोटर वीज नसताना हाताने फिरत नाही, ओढली तर बिघडते. जिथे रोज भारनियमन होतं तिथे पडद्यांचं सर्किट इन्व्हर्टरवर घ्या. भार नगण्य असतो. शंभर-सव्वाशे वॅटची मोटर अर्ध्या मिनिटासाठी दिवसातून दोनदा चालते, म्हणजे वीज जवळजवळ काहीच नाही. खरं तर मोटर थांबलेली असताना आदेशाची वाट पाहण्यात जास्त वीज जाते: त्यासाठी एक वॅट धरला तरी वर्षाला एका खिडकीमागे नऊ युनिटांच्या आसपास होतात.

किती ताकदीची मोटर

विक्रेता मोठी मोटर सुचवतो, कारण ती महाग असते आणि त्याला तक्रारीची धास्ती नसते. हिशेब आपला आपल्याला करता येतो. समजा दोन मीटर रुंद आणि दोन मीटर चाळीस सेंटिमीटर उंच पडदा आहे. क्षेत्रफळ ४.८ चौरस मीटर. कापडाचं वजन चौरस मीटरला ४०० ग्रॅम असेल तर कापड १.९ किलो, खालची पट्टी ८०० ग्रॅम, एकूण २.७ किलो. पाइप ३८ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे त्रिज्या ०.०१९ मीटर. २.७ गुणिले ९.८ गुणिले ०.०१९ केलं की उत्तर येतं अर्धा न्यूटन-मीटर. घर्षण आणि जुनेपणासाठी दुप्पट धरा, तरी एक न्यूटन-मीटरच्या थोडी वरची मोटर पुरेशी. अशा पडद्याला कोणी १० न्यूटन-मीटरची मोटर सांगत असेल तर कारण विचारा. रोमन पडदे, जाड बाहेरचे पडदे यांची गोष्ट वेगळी, तिथे वजन करूनच घ्यावं.

आवाजाचे आकडे वाचत बसू नका. दुकानात गर्दी नसताना, पंखा बंद करून, प्रत्यक्ष चालवून ऐका. सकाळी साडेसहाला तान्हं बाळ झोपलेलं असताना हा आवाज चालेल का, एवढंच ठरवायचं आहे.

कुठली भाषा बोलते

आता स्मार्टपणा. रिमोटच्या बहुसंख्य मोटरी ४३३ मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात. त्यांत काही एकतर्फी असतात: आदेश पोहोचला की नाही, पडदा खरोखर कुठे आहे, हे मोटर परत कळवत नाही. ॲपवर पडदा बंद दिसतो आणि प्रत्यक्षात उघडा असतो. घरातल्या इतर यंत्रणेशी जोडायचं असेल तर दुतर्फी मोटरच घ्या, थोडी महाग पडली तरी.

वाय-फायची मोटर स्वतंत्र हबशिवाय, म्हणजे मध्यस्थ यंत्राशिवाय, चालते, म्हणून सोपी वाटते. पण वाय-फाय बॅटरी लवकर संपवतं, म्हणून ते तारेच्या मोटरींनाच शोभतं; आणि आदेश बहुधा कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवरून फिरून येतो. इंटरनेट बंद तर ॲप बंद. झिगबी आणि थ्रेड या कमी विजेत चालणाऱ्या भाषा आहेत, दोन्हींना घरात असा एक हब लागतो आणि बरंचसं काम घरातल्या घरात होतं. मॅटर हा सामाईक नियम ऑक्टोबर २०२२ मध्ये आला, आणि पहिल्या आवृत्तीपासूनच त्यात खिडकीचे पडदे आहेत. आज नवीन घेताना मॅटरचं चिन्ह असलेली, किंवा ज्या हबमधून मॅटरशी जोडता येईल अशी मोटर घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. कंपनी उद्या बंद झाली तरी पडदा दुसऱ्या कुणाच्या ॲपवर चालेल.

अमेरिकेत राहणारा भाऊ किंवा मुलगी सुट्टीत येताना मोटर घेऊन येते म्हणाली तर थांबवा. झेड-वेव्ह नावाची यंत्रणा तिकडे ९०८.४ मेगाहर्ट्झवर चालते, भारतात ८६५.२ वर. तिकडची मोटर इकडच्या हबला ओळखणारच नाही, आणि ती लहर आपल्याकडे वापरायला परवानगीही नाही. थेट विजेवरची मोटर तर १२० व्होल्टची असेल. झिगबी, थ्रेड आणि वाय-फायच्या अशा मोटरी सगळीकडे बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, पण वॉरंटी मात्र तिकडेच राहते.

घरातल्या ज्येष्ठांसाठी भिंतीवर खरं बटण हवंच. आमच्या आईला फोनवरचं ॲप नको असतं, तिला वर-खालीचे बाण असलेलं, हाताला लागेल अशा उंचीवरचं बटण हवं असतं, आणि तिचं बरोबर आहे. जुन्या घरांतही आपल्या स्विचबोर्डात प्लगसाठी न्यूट्रल तार बहुधा असतेच, त्यामुळे बटण आणि ॲप दोन्हींवर पडदा चालावा म्हणून बटणामागे छोटा रिले बसवणं अवघड जात नाही.

लहान मूल असलेल्या घरात तर मोटरचं सर्वांत मोठं कारण ॲप नाही, दोरी नसणं हे आहे. हाताने ओढायच्या ब्लाइंडची दोरी किंवा मण्यांची साखळी गळ्याभोवती अडकून अमेरिकेत दरवर्षी सरासरी नऊ लहान मुलं दगावतात, असं तिथली ग्राहक सुरक्षा संस्था सांगते. आपल्याकडे खिडकीखाली दिवाण असतो आणि मूल त्यावर उभं राहून बाहेर बघतं. आधीच्या ब्लाइंडच्या साखळीला जोडायची मोटर लावत असाल तर साखळी भिंतीला ताणून पक्की बसवणारी कड्याची क्लिप न चुकता लावा.

नियम बसवताना

पडदा आपोआप कधी हलायचा याचे नियम ॲपमध्ये बसवता येतात. त्यांतला सूर्यास्ताचा नियम घड्याळाच्या वेळेवर बांधू नका. मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासात वाजून गेल्यावर. साडेसहाची वेळ लावलीत तर हिवाळ्यात अर्धा तास घर बाहेरून उघडं दिसेल आणि उन्हाळ्यात उजेडी पडदे खाली येतील. ॲपमध्ये सूर्यास्तापासून अमुक मिनिटं असा पर्याय असतो, तो निवडा. उजेडाच्या सेन्सरवर पडदा चालवत असाल तर किमान दहा-पंधरा मिनिटं उजेड टिकला तरच हलायचं, अशी अट घाला. नाहीतर श्रावणातल्या ऊन-पावसात तो दिवसभर वर-खाली करत बसेल.

आणि उघड्या खिडकीची अट. सरकत्या काचेला छोटा चुंबकी सेन्सर लावा, आणि काच उघडी असताना रोलर आपोआप खाली येणार नाही असा नियम करा. वाऱ्याने फुगलेलं कापड ग्रिलच्या टोकात अडकतं, मोटर ओढत राहते, आणि कापड फाटतं. बहुतेक साध्या मोटरींना अडथळा कळत नाही. आपल्या घरांसाठी हा नियम मी सर्वांत महत्त्वाचा मानतो.

दरपत्रक मागताना कापड, मोटर, हब, बसवणावळ आणि कर वेगवेगळे लिहून मागा. दर चौरस फुटावर असतो, पण एका पडद्यामागे किमान क्षेत्रफळ धरतात. न्हाणीघराच्या चिमुकल्या खिडकीचे पैसे तिच्या दुप्पट आकाराचे लागू शकतात. मोटरची आणि कापडाची वॉरंटी वेगळी असते, आणि बिघाड झाल्यास पडदा उतरवायचा-चढवायचा खर्च कोणाचा, हे कागदावर हवं.

बसवून झाल्यावर माणसाला लगेच सोडू नका. पडद्याची वरची आणि खालची मर्यादा तुमच्यासमोर ठरवून घ्या, खालची पट्टी खिडकीच्या कट्ट्यावर टेकून कापड सैल पडत नाही ना ते बघा. शेजारचे पडदे एका रेषेत थांबतात का तेही पाहा. मुख्य स्विच बंद करून पुन्हा चालू करा आणि मर्यादा लक्षात राहिल्या का ते तपासा. इंटरनेट बंद करून रिमोट आणि भिंतीवरचं बटण चालवून बघा. ॲपचं खातं तुमच्या फोन नंबरावर, तुमच्या पासवर्डने उघडलेलं असलं पाहिजे. बसवणाऱ्याच्या खात्यावर राहिलं तर फोन बदलायच्या दिवशी तुम्हाला त्याला शोधत फिरावं लागतं. रिमोटवरच्या प्रत्येक क्रमांकापुढे खोलीचं नाव लिहून चिकटवा. मग संध्याकाळी साडेपाचला, पश्चिमेचं ऊन फरशीवर आलेलं असताना, घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीच्या हाती तो रिमोट द्या आणि पडदा तिला लावू द्या.